आखापासून स्पिंडलपर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील चाकदुरुस्तीच्या ज्ञानाचा इतिहास (चिकटलेल्या बेअरिंग-रेसच्या संदर्भात)

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासलेखनात कापूस, रेल्वे, दुष्काळ आणि सावकारी यांना मोठे स्थान मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्यावर हा सारा माल हलला त्या चाकाचा उल्लेख येतो तो ओझरता. चाक ज्या दांड्यावर फिरते तो दांडा, त्या दोहोंमधील घर्षण आणि ते घर्षण असह्य झाले म्हणजे कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचे शास्त्र यांना तर इतिहासात जागाच नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. गाडी विकत घेतली की नोंद होते, रस्ता बांधला की अहवाल होतो. परंतु दुरुस्तीचे कागद होत नाहीत. लोहाराचे काम बलुत्यात जमा होई आणि मोटार-मिस्त्रीचे काम रोख पैशात संपे.

अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासकाला वस्तूकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात त्यासाठी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे. मोटारीच्या चाकातील बेअरिंगची आतली पोलादी कडी, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘रेस’, स्पिंडलवर चिकटून बसते आणि ती काढावी लागते. ही क्रिया वरकरणी केवळ यांत्रिक आहे. तथापि तिच्यात वापरले जाणारे ज्ञान बारकाईने पाहिले, तर बैलगाडीच्या धावेपासून काळ्या-पिवळ्या जीपपर्यंतचा या जिल्ह्याचा प्रवास तिच्यात साठलेला दिसतो.

जिल्ह्याची चढउतार

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग परस्परांहून भिन्न आहेत. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा काळ्या कसदार जमिनीचा पट्टा, म्हणजे पयनघाट. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा बालाघाट. बोलीत याला ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ म्हणतात. आजचा जिल्हा एका दिवसात घडलेला नाही. 1853 च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. खामगाव व जळगाव हे तालुके 1905 च्या पुनर्रचनेत अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. प्रशासकीय नकाशा असा बदलत राहिला, पण घाट मात्र जागचा हलला नाही. रेल्वे घाटाखालून गेली आणि जिल्ह्याचे मुख्यालय वर राहिले. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. त्यामुळे घाटावरचे जे काही खाली उतरते व खालचे जे काही वर चढते, ते राजूर घाटातून किंवा बोथ्याच्या घाटातून चाकावरच.

चाकाच्या दृष्टीने हा भूगोल विशेष जाचक आहे. खाली पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पिठासारखी बारीक धूळ. वर चढताना भार आणि उतरताना ब्रेकची उष्णता. पुढे रेस चिकटण्याची जी कारणे येतील त्यांची बीजे या चार गोष्टींतच आहेत.

आख, तुंबा आणि धाव

बैलगाडीचे चाक ही दोन कारागिरांची संयुक्त निर्मिती होती. मध्यभागीचा लाकडी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडणारे पाटे हे सुताराचे काम. आख, तुंब्याच्या भोकात बसणारे लोखंडी कडे म्हणजे आवण, आणि पाट्यांवरून चढणारी लोखंडी धाव हे लोहाराचे. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील 1916 च्या ग्रंथात लोहारांच्या बरोबरीने ‘खाती’ हे नाव येते. त्र्यं. ना. आत्रे यांनी 1915 मध्ये ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथाला ‘गावगाडा’ हे नाव दिले. गाव म्हणजे गाडा, ही कल्पना वाचकाला समजावून सांगण्याची तेव्हा गरज नव्हती.

आख आणि आवण यांच्यामध्ये काहीही फिरते नसे. लोखंडावर लोखंड घासे. त्यामध्ये वंगण हवे. एरंडेल किंवा जे तेल हाताशी असेल ते आणि त्यात भिजवलेल्या चिंध्या एवढ्यावर काम भागे. वंगण संपले की चाक करकरे. हा आवाज म्हणजे इशाराच असे, कारण बैलगाडीच्या वेगात जी उष्णता निर्माण होई ती आख जाळण्याइतकी क्वचितच होती. आख झिजत असे, चिकटत नसे. हा फरक महत्त्वाचा आहे.

धाव चढवण्याची क्रिया मात्र येथे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. लोहार धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान ठेवी. मग जमिनीवर गोवऱ्यांचे रिंगण रचून त्यात धाव लाल होईपर्यंत तापवली जाई. तापलेली धाव फुगे. चार माणसे सांडशीने ती उचलून चाकावर बसवत, घणाने ठोकत आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतत. धाव आकसे आणि सगळे आरे, सगळे पाटे एकमेकांत घट्ट आवळले जात. आकडेमोड केल्यास 1.4 मीटर व्यासाच्या चाकाची धाव सुमारे 600 अंश सेल्सिअसने तापली तर तिचा घेर 3 सेंटिमीटरांनी वाढतो. लोहाराकडे हा आकडा नव्हता. त्याच्याकडे लोखंडाचा रंग होता. कोयत्याला, छिन्नीला ‘पाणी देताना’ पोलाद आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळे होते, आणि कोणत्या रंगावर थांबायचे हे त्याला ठाऊक असे.

रेल्वे आणि गाडी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 पर्यंत नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव ही छोटी शाखा खास कापसासाठी सुरू झाली व तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. तेरा किलोमीटरही न भरणाऱ्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून मँचेस्टरला त्या फाट्याचे किती महत्त्व होते ते कळते.

रेल्वेमुळे बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांची लांबची वाहतूक मोडली. बैलगाडी मात्र मोडली नाही. शेतापासून जिनिंगपर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंतची फेरी तिच्याच वाट्याला राहिली, आणि कापूस जितका वाढला तितकी ती फेरीही वाढली. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव येथील लोहार-सुतारांच्या ज्ञानाची मागणी रेल्वेने कमी केली नाही.

बेअरिंगचे आगमन

घासण्याऐवजी लोळवणे हे तत्त्व जुनेच आहे. वेल्समधील फिलिप वॉन याने 1794 मध्ये गाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. मोटारीच्या चाकासाठी अधिक निर्णायक ठरले ते हेन्री टिमकेन यांचे 1898 मधील निमुळत्या रोलरचे पेटंट. टिमकेन हे मूळचे घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते आणि त्यांचे पेटंट गाडीच्या आखासाठीच होते. वळणावर चाकावर येणारा आडवा जोर साधे बेअरिंग झेलू शकत नव्हते. रोलर निमुळते केल्याने उभा भार आणि आडवा जोर दोन्ही पेलले गेले. आज मोटारयुगाचे लक्षण मानली जाणारी ही वस्तू अशी जनावरांच्या गाडीतून जन्मली आहे.

आपल्याकडे गोळ्यांच्या बेअरिंगची ओळख सामान्य माणसाला मोटारीने नव्हे, सायकलने करून दिली. सायकलच्या दुकानातील ‘कप’, ‘कोन’ व ‘छर्रे’ हे शब्द पुढे मोटारीच्या कामालाही पुरले. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशात बेअरिंगचे उत्पादन उभे राहू लागले; जयपूरची नॅशनल कंपनी 1946 मध्ये स्थापन झाली, तर एसकेएफचा चिंचवड येथील कारखाना 1960 च्या दशकात सुरू झाला. महिंद्रने 1947 पासून मुंबईत जीपची जुळणी आरंभली. मुंबई राज्यात एस.टी. 1948 मध्ये धावू लागली, पण बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाल्यावर विदर्भाची वाहतूक त्या एकाच छत्राखाली आली. जेथे एस.टी. जात नव्हती किंवा पुरी पडत नव्हती, तेथे जीपच्या जातीच्या काळ्या-पिवळ्या गाड्यांनी प्रवासी वाहिले. परवान्यापेक्षा किती अधिक वाहिले, हे या भागातील कोणालाही सांगावे लागत नाही. तो जादा भार शेवटी येतो तो बेअरिंगवर.

रेस का चिकटते

जीपसारख्या गाडीत पुढच्या चाकाचा हब दोन निमुळत्या बेअरिंगवर फिरतो. बाहेरची कडी, म्हणजे कप, हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेली असते व हबबरोबर फिरते. आतली कडी स्पिंडलवर बसते. स्पिंडल फिरत नसल्याने ही कडी हाताने सरकेल इतकी सैल ठेवलेली असते. म्हणजे मूळ रचनेत ती चिकटण्याचे कारणच नाही. ती चिकटते तेव्हा त्यापूर्वी काही बिघडलेले असते.

बिघाडाची सुरुवात बहुधा वंगणापासून होते. पूर्वीच्या ग्रीसांत एक जुनी अडचण होती. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेने पातळ होऊन वाहून जाई. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता सोसे, पण नाल्याच्या पाण्यात विरघळे. घाट आणि नाले दोन्ही असलेल्या जिल्ह्यात दोहोंपैकी कोणतेही पुरते समाधानकारक नव्हते. 1940 च्या दशकात पुढे आलेल्या लिथियम ग्रीसने हा पेच बराचसा सोडवला. या ग्रीसमधील साबणासाठी लागणारे आम्ल एरंडेलापासून तयार होते. आखावरच्या चिंधीतील तेल बराच वळसा घेऊन पुन्हा चाकातच परतले, असे म्हणता येईल.

वंगण संपले, सील फाटून धूळ शिरली किंवा नट गरजेपेक्षा अधिक आवळला गेला, की रोलर लोळणे सोडून घसटू लागतात. उष्णता वाढते. रोलर अडकले की जी आतली कडी स्थिर राहायची तीच स्पिंडलवर फिरू पाहते. दोन पोलादी पृष्ठभाग कोरडे घासले जाऊन एकमेकांना चिकटतात, सूक्ष्म ठिकाणी अक्षरशः वितळून जुळतात. कधी तापमानाचा हा प्रसंग न घडताही, केवळ पाणी शिरून आणि हादऱ्यांनी, कडी व स्पिंडल यांच्यामध्ये तांबूस भुकटीसारखा गंज धरतो आणि कडी घट्ट होते. हब ओढल्यावर रोलर व त्यांचा पिंजरा गळून पडतात आणि स्पिंडलच्या मुळाशी नुसती कडी उरते.

ही उरलेली कडी वाचता येते. निळा रंग म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास तापले होते. एका बाजूलाच पडलेली झीज म्हणजे भार कायम एकीकडे होता. रोलरच्या अंतराने पडलेले खळगे म्हणजे खड्ड्यातला जोरदार धक्का किंवा ओल घेऊन दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी. कागद नसले तरी साधन आहे ते असे.

रेस काढण्याची क्रिया

कारागीर प्रथम सौम्य उपाय करतो. रॉकेल किंवा डिझेल सोडून काही वेळ मुरू देणे. कडीच्या मागे पुलरचे नखे शिरण्याइतकी फट असल्यास पुलर लावणे. नसल्यास कडीच्या मागील कडेवर बोथट छिन्नीने आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना टोले देणे. एकाच बाजूला टोले बसले तर कडी तिरपी होऊन अधिक जखडते. नवशिक्याकडून हेच हमखास होते.

याने न निघाल्यास अग्नी. गॅसची ज्योत कडीवर वेगाने फिरवली तर कडी स्पिंडलच्या आधी तापते व फुगते. येथे धाव चढवण्याचेच तत्त्व आहे, फक्त माप बदलले. 40 मिलिमीटर व्यासाच्या कडीचे तापमान स्पिंडलपेक्षा 100 अंशांनी अधिक झाले, तर तिचा व्यास सुमारे 0.048 मिलिमीटरने वाढतो. केसाच्या जाडीइतकीही ही फट नसते, पण पकड सुटायला ती पुष्कळदा पुरते. ज्योत मात्र चपळ हवी. रेंगाळली तर स्पिंडलही तेवढाच तापतो, दोघे एकत्र फुगतात व काहीच साधत नाही. उलट स्पिंडलचे पोलाद नरम पडते. म्हणून स्पिंडलवर ओली चिंधी गुंडाळली जाते. लोहार सेंटिमीटरांत जे करत होता ते मिस्त्री मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्यात करतो.

याच तत्त्वाची उलट बाजूही कारागिरांना ठाऊक असते. हबमध्ये घट्ट बसलेला बाहेरचा कप काढायचा असेल तर त्याच्या आतील पृष्ठावर वेल्डिंगचा एक घेर मारतात. वेल्डिंग थंड होताना आकसते, कपाला आतल्या बाजूस ओढते आणि कप सैल पडतो. आतली कडी फुगवायची, बाहेरचा कप आकसवायचा. ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेच्या एका प्रकरणात सामावते. गॅरेजमध्ये ती दोन वेगळ्या ‘हिकमती’ म्हणून शिकवली जाते आणि दोन्हींचा संबंध कोणी उलगडून सांगतोच असे नाही.

अग्नीनेही कडी न हलल्यास ती तोडावी लागते. बेअरिंगचे पोलाद अतिशय कठीण असते. त्याच्या एका सामान्य प्रकारात सुमारे 1 टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असते. जे कठीण ते ठिसूळ, हा नियम येथे कामी येतो. हातग्राइंडरने कडीवर तिरपी खाच पाडायची, पण ती आरपार न नेता अखेरचा अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवायचा. मग खाचेत धारदार छिन्नी बसवून एकच निर्धाराचा टोला. खणकन् आवाज येतो, कडी तडकते व पकड सुटते. तथापि सगळ्या कड्या अशा तडकत नाहीत. निमुळत्या रोलरच्या कित्येक बेअरिंगमध्ये पोलादाची फक्त त्वचा कठीण केलेली असते व गाभा चिवट ठेवलेला असतो; ती कडी टोल्याने फुटण्याऐवजी दबते आणि तिला दोन्ही बाजूंनी खाचा द्याव्या लागतात. हा फरक पहिल्या टोल्याच्या आवाजावरून ओळखला जातो.

या टप्प्यावर दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. ग्राइंडरची चाकी अर्धा मिलिमीटर अधिक खोल गेली तर स्पिंडलवर चीर पडते, आणि जेथे सर्वाधिक ताण येतो त्या मुळाशीच पडलेली चीर पुढे भार येताच वाढत जाते. घाटात चाक निखळण्याच्या शक्यतेची सुरुवात अशा चिरेतून होऊ शकते. दुसरी गोष्ट कारागिराचा डोळा. कठीण पोलादाचा कण छर्ऱ्याच्या वेगाने उडतो. चष्मा लावून काम करणारा कारागीर अजूनही नियम नसून अपवाद आहे, ही खेदाची बाब होय.

कडी निघाल्यावरही काम संपत नाही. स्पिंडल पॉलिश पेपरने साफ करून निळेपणा, चरे व माप पाहिले जाते, आणि नवी कडी हाताने सरकते की नाही हे तपासले जाते. सरकत नसेल तर ठोकून बसवण्याचा मोह होतो. तो टाळणारा मिस्त्रीच खरा जाणता समजावा. नव्या बेअरिंगचा नट आधी आवळून मग किंचित सोडावा लागतो. किती सोडायचा हे चाक हातांनी डोलवून ठरते.

ज्ञानाचे वारसदार

हे ज्ञान जिल्ह्यात तीन वाटांनी टिकले. पहिली वाट उस्ताद-शागिर्दीची. दहा-बारा वर्षांचा पोरगा पाने उचलून देता देता शिके, आणि त्या शिक्षणाची किंमत त्याच्या शाळेने चुकवलेली असे. दुसरी वाट संस्थात्मक आहे : 1950 मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, त्यातून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि एस.टी.ची आगारे व विभागीय कार्यशाळा. तिसरी वाट शेतीची. रबरी टायरच्या बैलगाड्यांना व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना बेअरिंगचा आस आला, तेव्हा हे काम मोटारीच्या गॅरेजबाहेर गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत पोहोचले. पहिल्या दोन वाटांचा परस्परांशी संवाद कमीच राहिला. संस्थेतल्या मुलाला प्रसरणाचा गुणांक येई, गॅरेजमधल्या मुलाला ज्योत केव्हा मागे घ्यायची ते येई. जातीच्या दृष्टीनेही येथे एक बदल घडला. धाव चढवणारा कोण हे जन्माने ठरलेले होते. रेस काढणारा कोण हे बव्हंशी कोणत्या दुकानात जागा मिळाली यावर ठरले, आणि वऱ्हाडातील गॅरेजांमध्ये निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकली. लोहाराचा मुलगा वेल्डिंगचे दुकान टाकून बसला अशी उदाहरणे जशी आहेत, तशी भात्याशी पूर्वी काहीही संबंध नसलेल्या घरांतील मुलांचीही आहेत.

अलीकडच्या मोटारींत सुटी कडी, सुटा कप राहिलेला नाही. हब, बेअरिंग व सील यांचा एकच बंद घटक येतो. त्यात ग्रीस भरायचे नसते, नट सोडून अंदाज घ्यायचा नसतो. खराब झाला की तो संपूर्ण बदलायचा. चिकटतो तोही, परंतु ते दुखणे वेगळे आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवाकेंद्रात शिकलेल्या तरुण मिस्त्रीला खाच पाडून कडी तोडण्याचा प्रसंग फारसा येत नाही. तो येतो अजून मोंढ्याच्या आसपासच्या दुकानांत, सोयाबीनच्या आणि कापसाच्या हंगामात, जेव्हा वर्षभर पावसात उभी राहिलेली ट्रॉली जादा भार घेऊन निघते आणि घाट चढण्यापूर्वीच तिचे चाक तापते.